वणवा, वारा आणि आपली जबाबदारी

भात घरात आले, पेंढ्याच्या उडव्या रचून झाल्या आणि पावसाळी गवत वाळून पिवळे पडले की कर्जत तालुक्यात वणव्यांचे दिवस सुरू होतात. कळंबच्या पूर्वेला भीमाशंकरकडे चढत जाणारी सह्याद्रीची भिंत आहे, पश्चिमेला माथेरानचा डोंगर आहे. फेब्रुवारीपासून मेअखेरपर्यंत या ना त्या उतारावर रात्री तांबडी रेघ सरकताना दिसते. सकाळी अंगणात, पाण्याच्या हौदावर, दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर काळ्या राखेचे तुकडे पडलेले असतात. दम्याचा त्रास असलेली वृद्ध माणसे खिडक्या लावून घरात बसतात. आंब्याचा मोहोर धुरकटतो. आणि तरीही पहाटेची लोकल पकडायला नेरळ स्टेशनकडे निघालेली माणसे निघतातच, दुकानाची फळी उघडते, मुले मकतबात जातात, चूल पेटते. यात नवल काही नाही. पोट कोणासाठी थांबत नाही. परंतु एका ईमानवंताच्या मनात येथे एक प्रश्न उभा राहिला पाहिजे: समोरचा डोंगर जळत असताना आपण आपल्या नित्याच्या कामाला लागतो, याला सब्र म्हणायचे की गफलत?

बहुतेकांच्या तोंडी याचे उत्तर तयार असते. ‘दरवर्षीच लागतो, अल्लाहची मर्जी.’ हे वाक्य तक्दीरवरील श्रद्धेतून आल्यासारखे वाटते. परंतु अनेकदा ते श्रद्धेतून नव्हे, कंटाळ्यातून आलेले असते. अल्लाहच्या इच्छेविना पानही हलत नाही, हे खरेच आहे. हजरत इब्राहीम (अलै.) यांच्यासाठी पेटविलेली आग अल्लाहच्या आज्ञेने शीतल आणि सुरक्षित झाली, याचे वर्णन सूरह अंबियामध्ये आहे. मात्र तो एका प्रेषिताला दिलेला चमत्कार होता. इतरांसाठी अल्लाहने आगीला जाळण्याचा गुण दिला, पाण्याला विझविण्याचा गुण दिला आणि माणसाला या दोहोंतला फरक ओळखणारी बुद्धी दिली. या तिन्ही गोष्टी त्याच्याच आहेत.

हजरत उमर (रजि.) यांची एक प्रसिद्ध घटना येथे आठवावी. हिजरी सन 18 मध्ये ते शामकडे निघाले असताना सर्ग या ठिकाणी त्यांना कळले की पुढे प्लेगची साथ पसरली आहे. सल्लामसलत करून त्यांनी परतण्याचा निर्णय घेतला. तेव्हा हजरत अबू उबैदा (रजि.) यांनी विचारले की आपण अल्लाहच्या तक्दीरपासून पळता काय? हजरत उमर (रजि.) यांच्या उत्तराचा आशय असा होता की आम्ही अल्लाहच्या एका तक्दीरकडून त्याच्याच दुसऱ्या तक्दीरकडे जात आहोत. पुढे त्यांनी दाखला दिला तो उंटांचा. एका खोऱ्याची एक बाजू हिरवी असेल आणि दुसरी उजाड, तर कोणत्याही बाजूला उंट चारले तरी ते अल्लाहच्या तक्दीरनेच चारले गेले नाहीत का? हा दाखला चराईचा आहे, म्हणून आपल्या डोंगराळ मुलखाला तो फार जवळचा वाटतो. जळलेला उतार ही तक्दीर आहे. हिरवळीची झोडणी हातात घेऊन वाचविलेला उतार हीसुद्धा तक्दीरच आहे. कोणत्या बाजूला उभे राहायचे, एवढे माणसाकडे सोपविलेले आहे आणि हिशेबही तेवढ्याचाच होणार आहे.

कुरआनने आगीकडे शत्रू म्हणून पाहावयास शिकविलेले नाही, हेही ध्यानात घेतले पाहिजे. सूरह यासीनमध्ये हिरव्या वृक्षातून अग्नी निर्माण करण्याचा उल्लेख सृष्टिकर्त्याच्या सामर्थ्याची खूण म्हणून येतो. सूरह वाकिआमध्ये तीच आग स्मरण करून देणारी आणि वाटसरूंच्या उपयोगाची वस्तू ठरते. अबू दाऊद यांच्या संग्रहातील हदीसप्रमाणे पाणी, चारा आणि आग या तीन गोष्टींत मुस्लिम एकमेकांचे भागीदार आहेत. ही तीन नावे एका वाक्यात आली आहेत, याचा वणव्याच्या दिवसांत थोडा विचार करावा. जो आग बेफिकीरपणे वापरतो, तो उरलेल्या दोन्ही सामाईक वस्तू लोकांकडून हिरावून घेतो. गुरांचा चारा जळतो. आणि उघडा पडलेला उतार पहिल्या जोरदार पावसात माती सोडून देतो, पाणी मुरण्याऐवजी धावते आणि पुढच्या उन्हाळ्यात झरा लवकर आटतो. तसेच मदीनेत एका रात्री एक घर आतील माणसांसह जळाले, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी झोपण्यापूर्वी आग विझविण्याची ताकीद दिली होती आणि या बाबतीत तिला शत्रू म्हटले होते. म्हणजे देणगी तीच, मात्र राखण सुटली की शत्रू.

आता राखण सुटते कोठे, ते पाहू. आपल्या भागातील वणवे आकाशातून पडत नाहीत. या महिन्यांत येथे विजा क्वचितच चमकतात. वणवा जवळजवळ नेहमी माणसाच्या हातून लागतो. कोणी बांध साफ करण्यासाठी काडी लावतो. कोणी शिकारीसाठी, कोणी मधाच्या पोळ्यासाठी धूर करतो. विडीचे जळते थोटूक गवतात पडते. शहरातून आलेले पर्यटक डोंगरावर शेकोटी करतात आणि निखारे तसेच सोडून खाली उतरतात. प्लॉट घेऊन ठेवलेले काही मालक गवत कापण्याची मजुरी वाचविण्यासाठी ते पेटवून देतात. मजुरीचे काही रुपये वाचतात आणि शेजारच्या वनाची एक पिढी जाते. शिवाय एक जुनी समजूतही आहे की डोंगर जाळला की पुढच्या साली गवत चांगले येते. तिच्यात सत्याचा अंश आहे. वाळका थर जळाल्यामुळे नवी पाती लवकर हिरवी दिसतात, राखेतून काही क्षारही मिळतात. मात्र त्याच आगीत ऐन, साग, किंजळ यांची लहान रोपे मरतात, मातीतील नत्र हवेत निघून जाते आणि जमिनीवर घरटे करणाऱ्या टिटवीची, रातव्याची अंडी भाजून निघतात. एका हंगामाच्या हिरवळीसाठी मोजलेली ही किंमत आहे.

यात राबाचा प्रश्न वेगळा काढला पाहिजे, कारण तो आपल्या शेतकरी घरांचा आहे. कोकणात भाताच्या रोपांसाठी वाफ्यावर शेण, पालापाचोळा, टहाळ, गवत पसरून त्यावर मातीचा थर देऊन ते भाजण्याची पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. राब भाजणारा शेतकरी कोणाचे वाईट चिंतीत नाही. तो आपल्याच जमिनीत, आपल्याच अन्नासाठी आग लावतो. मग त्या राबातून उडालेली ठिणगी शेजाऱ्याच्या उडवीवर पडली किंवा वनखात्याच्या हद्दीत शिरली तर तो दोषी ठरेल काय? त्याची नियत तर साफ होती.

हा प्रश्न आपल्या फुकहांसमोर शेकडो वर्षांपूर्वी आलेला आहे, आणि त्यांनी दिलेले उत्तर इतके व्यवहारी आहे की ते कळंबच्या शेतात उभे राहून दिल्यासारखे वाटते. इमाम इब्न कुदामा यांच्या ‘अल-मुग्नी’ या ग्रंथात त्याची चर्चा आहे. एखाद्याने आपल्या मालकीच्या जागेत रिवाजाप्रमाणे, बेताने आग लावली आणि ती अनपेक्षितपणे पसरली, तर त्याच्यावर भरपाई येत नाही. परंतु त्याने जोराचा वारा असताना ती लावली, किंवा इतकी मोठी लावली की ती पसरणारच, तर नुकसानीची भरपाई त्याने द्यावी. इब्न कुदामा हंबली होते. हनफी आणि शाफई फुकहांच्या लिखाणातही वाऱ्याचा हाच विचार आढळतो. कोकणातील बहुसंख्य मुस्लिम शाफई मसलकाचे असल्यामुळे तो आपल्यासाठी परका नाही.

येथे निवाडा नियतवर नव्हे, वाऱ्यावर टेकला आहे, हे लक्षात घ्यावे. ‘कर्मे नियतवर अवलंबून आहेत’ या आशयाची हदीस आपल्या सर्वांना पाठ असते आणि अनेकदा आपण तिचा आधार घेऊन स्वतःला सोडवून घेतो. अल्लाहसमोरच्या गुन्ह्याचा आणि बक्षिसाचा निर्णय नियतवर होतो, हे बरोबर. मात्र ज्याची उडवी जळाली, त्या शेजाऱ्याची गाय तुमची नियत खात नाही. तिला पेंढाच लागतो. दासांचे हक्क म्हणजे हुकूकुल-इबाद हे असे आहेत की चांगल्या हेतूने बुडविले तरी ते फेडावेच लागतात. आणि ज्याला वारा दिसत होता, वाळलेले गवत दिसत होते, जवळ पाण्याचा हंडा नव्हता हे ठाऊक होते, त्याच्या नियतविषयीही एक प्रश्न उरतोच. ज्ञात धोक्याकडे डोळेझाक करणे ही निष्काळजी माणसाची निवड असते. तिला नशीब म्हणता येत नाही.

तेव्हा राब भाजायचाच असेल तर भल्या पहाटे, वारा पडलेला असताना भाजावा. दुपारी उन्हाने डोंगर तापले की वारे उतारावरून वर चढू लागतात आणि आगही चढावर अधिक वेगाने धावते, कारण तिची उष्णता वरचे गवत आधीच सुकवून ठेवते. वाफ्याभोवतीचे गवत आधी खरवडून काढावे, पाणी व दोन माणसे जवळ असावीत आणि शेवटचा निखारा विझेपर्यंत जागा सोडू नये. हे शेतकऱ्याला मी शिकवावे असे नाही. त्याच्या आजोबांना हे सारे ठाऊक होते. मजूर मिळत नाहीत आणि वेळ नाही म्हणून ते मागे पडले आहे.

जाणूनबुजून वन पेटविणाऱ्याविषयी तर दुमत होण्याचे कारण नाही. सूरह बकरहमध्ये अशा माणसाची निंदा आली आहे, जो पृथ्वीवर उपद्रव माजवीत फिरतो आणि पिके व जीवसृष्टी यांचा नाश करतो. इंडोनेशियात 2015 साली सुमात्रा आणि कालिमंतान येथील आगींच्या धुराने कोट्यवधी लोकांचे जगणे कठीण केले, त्यानंतर तेथील उलमांच्या मंडळाने 2016 मध्ये 30 क्रमांकाचा फतवा काढून नुकसान करणारी वने व जमिनी जाळण्याची कृती हराम ठरविली. आपल्या देशाच्या 1927 च्या वन कायद्यातही राखीव वनात आग लावणे हा गुन्हा आहे. आणखी एक हदीस आहे, जिचा उल्लेख आपल्या वाझांत क्वचित होतो. एका प्रेषिताला एक मुंगी चावली आणि त्यांनी मुंग्यांचे संपूर्ण वारूळ जाळविले, तेव्हा अल्लाहने त्यांना विचारले की एका मुंगीने दंश केला म्हणून तुम्ही अल्लाहची स्तुती करणारा एक समुदाय जाळून टाकला? ही हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. समुदायासाठी तेथे ‘उम्मत’ हाच शब्द योजलेला आहे. एका वारुळाला उम्मत म्हटले आहे, तर एका डोंगराला काय म्हणावे?

वणव्याच्या मागोमाग आणखी एक आग गावात फिरते, ती संशयाची. डोंगर पेटला की बोट बहुधा ठाकूर आणि कातकरी वाड्यांकडे दाखविले जाते. त्यांच्यापैकी कोणी कधी काडी लावीत नसेल असे नाही. परंतु प्रत्येक वणव्याचा दोष त्यांच्या माथी मारणे हा जुलूम आहे. वन जळाले की सर्वांत आधी त्यांचीच चूल विझते. करवंदे, मोहाची फुले, कंद, सरपण ही त्यांची रोजी आहे आणि त्यांची गवताने शाकारलेली घरे आगीच्या वाटेवर सर्वांत पुढे असतात. ऑगस्ट 2021 मध्ये अल्जीरियाच्या कबीलिया प्रांतात भीषण वणवे लागले होते. आग विझविण्यास मदत करण्यासाठी दुसऱ्या शहरातून आलेल्या एका 38 वर्षांच्या कलावंताला, त्यानेच आग लावली असे समजून, संतप्त जमावाने ठार मारले. मारणारे मुस्लिम होते, मारला गेलेलाही मुस्लिम होता. मृताच्या वडिलांनी सूडाची भाषा न करता लोकांना शांत राहण्याचे आवाहन केले. सूरह हुजुरातमध्ये बातमीची शहानिशा करण्याचा आणि पुष्कळशा गुमानांपासून दूर राहण्याचा आदेश आहे. तो त्या दिवशी त्या जमावाला ठाऊक नव्हता असे थोडेच आहे! ऐकीव संशयाची झळ कशी लागते, हे आपल्या समाजाला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. म्हणूनच दुसऱ्या दुबळ्या समाजाविषयी असा संशय आपल्या ओटीवर बोलला जाऊ नये, याची जबाबदारी आपल्यावर अधिक येते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. डोंगर जळत असताना कामावर जावे की नाही? माझ्या मते जाणारा मनुष्य केवळ जाण्यामुळे दोषी ठरत नाही. हलाल कमाई हे कर्तव्य आहे आणि धुराकडे पाहत हातावर हात ठेवून बसल्याने आग विझत नाही. परंतु आग विझविणे, ती घरांकडे वा गोठ्यांकडे येत असेल तेव्हा तर निःसंशय, फर्जे-किफाया आहे: काहींनी केले तर सर्वांच्या माथ्यावरून उतरते, कोणीच केले नाही तर समर्थ असलेले सर्व गुन्हेगार. या नियमाचा आपण सोयीचा अर्धा भागच लक्षात ठेवतो. ‘कोणीतरी जाईल’ असे म्हणून पहाटेच्या गाडीत बसणाऱ्याने निदान हे पाहिले पाहिजे की तो ‘कोणीतरी’ खरोखर अस्तित्वात आहे. वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन केला आहे काय? गावात आज कोण थांबणार आहे? ज्याचे आईवडील डोंगरालगतच्या घरात एकटे आहेत, त्याच्यासाठी तर ही किफायाची बाब राहतच नाही. त्याच्यावर ती व्यक्तिशः येते, मग एका दिवसाची रजा गेली तरी चालेल. आणि मालकांनीही हे समजून घ्यावे. धुराच्या दिवसांत वीटभट्टीवर किंवा बांधकामावर राबणाऱ्या मजुराची छाती पोलादाची नसते. त्याला सावलीत विसावा देणे, नाकाला बांधण्यास ओले फडके व पिण्यास पाणी देणे आणि घर धोक्यात असेल तर मजुरी न कापता सोडणे, ही मेहेरबानी नव्हे.

गेल्या काही वर्षांपासून रमजान वणव्यांच्या दिवसांतच येत आहे, म्हणून आणखी एका गोष्टीचा खुलासा करतो. कोणाचा जीव धोक्यात असेल तर त्याला वाचविण्यासाठी नमाज मध्येच सोडावी, असे फुकहांनी स्पष्ट लिहून ठेवले आहे. आग विझविताना रोजा सोडल्याविना जीव वाचविणे अशक्य झाले तर रोजा सोडून नंतर त्याची कजा करावी. तपशील आपल्या आलिमांना विचारावा. तरावीहच्या जमाअतीतून काही तरुण उठून गोठ्याकडे धावले, तर त्यांच्याकडे वाकड्या नजरेने पाहू नये. मात्र स्वतःला विनाशात न लोटण्याचा आदेशही सूरह बकरहमध्येच आहे. तमिळनाडूत कुरंगणीच्या डोंगरात 11 मार्च 2018 रोजी गिर्यारोहकांचा एक गट वणव्यात सापडला आणि वीसहून अधिक जणांचे प्राण गेले. तेव्हा आगीच्या वरच्या बाजूस कोणी थांबू नये, नायलॉनचे कपडे घालून जाऊ नये, एकट्याने जाऊ नये, मुलांना तर मुळीच पाठवू नये. जळून मरणाऱ्या ईमानवंतास शहीदांत गणले आहे, ही दिलाशाची गोष्ट मागे राहिलेल्यांसाठी आहे. तिच्या भरवशावर कोणी आगीत उडी घ्यावी यासाठी ती नाही.

आग विझल्यावर खरे काम सुरू होते आणि तेथे आपला उत्साह बहुधा संपलेला असतो. ज्याची उडवी जळाली त्याला पावसाळ्यापर्यंत गुरे जगवायची आहेत. ज्याच्या मालमत्तेवर आपत्ती कोसळली, त्याला जगण्याचा आधार मिळेपर्यंत मागण्याची मुभा आहे, असे सहीह मुस्लिममधील हदीसमध्ये आले आहे. म्हणजे तो भिकारी ठरत नाही; त्याचा तो हक्क आहे. परंतु आपल्याकडील स्वाभिमानी शेतकरी मागणार नाही, म्हणून मोहल्ल्यातील जबाबदार लोकांनी विचारण्याची वाट न पाहता पेंढ्याचे भारे पोहोचवावेत. गरजू मुस्लिमाला जकात देता येते. वाडीवरील आदिवासी कुटुंबाचे घर जळाले असेल तर, बहुतेक फुकहांच्या मते जकात नसली तरी, सदका खुला आहे आणि शेजाऱ्याचा हक्क तर धर्म विचारून ठरत नाही. ज्याला लिहितावाचता येते त्याने तलाठ्याकडे जाऊन पंचनामा करवून घेण्यात आणि अर्ज लिहिण्यात मदत करावी. हा सदका पैशाचा नसून एका दुपारचा आहे.

पुढच्या वणव्याची तयारी मात्र पावसाळा संपताच सुरू व्हावयास हवी. डिसेंबर-जानेवारीत गवत वाळू लागताच वस्ती, कब्रस्तान आणि गोठे यांच्याभोवती काही हात रुंदीची पट्टी कापून, कापलेले गवत बाजूला नेऊन जाळरेषा तयार ठेवावी लागते. कब्रस्तानातील गवत आपल्याकडे बहुधा शबे-बरातच्या तोंडावर काढले जाते. ते काम जाळरेषेच्या वेळीच उरकावे, शेजारच्या वाडीलाही त्या दिवशी बोलवावे आणि दोन्हीकडच्या माणसांनी मिळून दोन्हीकडच्या पट्ट्या काढाव्यात.